लेझरनंतर साडेतीन वर्षांनी: काखा आणि हनुवटी

कोथरूडच्या एका क्लिनिकमध्ये मी काखा आणि हनुवटी, दोन्हीकडचे केस काढायचं लेझर एकदमच सुरू केलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सहा सिटिंग, मग आयुष्यभर टेन्शन नाही." पॅकेजचे पैसे आधीच भरून घेतले. आई म्हणाली, "एवढ्यात सोन्याचे कानातले झाले असते."

वॅक्सिंग-थ्रेडिंग बंद, घरून रेझर फिरवून यायचं. लेझर केसातला काळा रंग हेरतं आणि त्या उष्णतेनं मूळ जाळतं. केस मुळासकट उपटलेला असेल तर जाळणार काय? (पांढऱ्या केसांवर म्हणूनच ते चालत नाही.) आधी गार जेल, मग रबरबँड ताणून सोडल्यासारखा चटका. वांगं भाजताना हातावरची लव जळल्यावर येतो, अगदी तोच वास.

दहाव्या दिवशी काखेत काळे ठिपके वर आले. पैसे पाण्यात गेले म्हणून मी हबकले. पण आंघोळीनंतर पुसताना तेच टॉवेलवर गळून पडले. मेलेले केस होते ते.

काखा सहा सिटिंगमध्ये जवळपास साफ झाल्या. हनुवटीचं पितळ पाचेक महिन्यांनी उघडं पडलं, नळस्टॉपच्या सिग्नलला. स्कार्फ सैल करून स्कूटरच्या आरशात पाहिलं, तर भर उन्हात चार जाड केस चमकत होते. घरच्या ट्यूबलाइटमध्ये कधी दिसले नव्हते.

क्लिनिकनं आणखी सहाचं पॅकेज पुढे केलं. मी दुसरीकडे, त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. मॅडमनी आधी विचारलं, "पाळी नियमित येते का?" येत नव्हती. रक्ततपासणी, सोनोग्राफी झाली आणि पीसीओएस निघालं, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास. त्या म्हणाल्या, एका वेळी वाढीच्या टप्प्यात असलेलेच केस जळतात, म्हणून इतक्या सिटिंग लागतात. आणि हार्मोन्स बिघडलेले असतील तर आजची लव उद्या जाड केस होते. अमेरिकेतलं एफडीएसुद्धा (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणारं तिथलं सरकारी खातं) 'केस कायमचे कमी होतात' एवढंच म्हणू देतं, 'कायमचे जातात' असं नाही. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी निदान हनुवटीचे पैसे राखून ठेवले असते.

आता साडेतीन वर्षं झाली. काखांना मध्ये एकदाच टचअप लागला. हनुवटीला दर पाच-सहा महिन्यांनी जावं लागतं, पण केस विरळ आणि बारीक झालेत. पुढची तारीख गणपतीनंतरची आहे. तोवर रेझर. चिमटा बहिणीला देऊन टाकलाय, हात शिवशिवायला नकोत.