न शिकवता पोहणारे ठोकळे

संगणकचित्रांवर काम करणाऱ्या कार्ल सिम्सने १९९४ साली संगणकात उत्क्रांत केलेल्या जीवांची चित्रफीत मी कॉलेजात असताना पाहिली. साधे ठोकळे, सांध्यांनी जोडलेले, आणि तरी चक्क जनावरासारखे पोहणारे. त्यांचा आकार कुणी आखला नव्हता, हालचाल कुणी शिकवली नव्हती. ३०० जीव घ्यायचे, त्यातले उत्तम एक पंचमांश राखायचे, त्यांच्यात अदलाबदल आणि किरकोळ फेरफार करून पुढची पिढी काढायची, बस्स. सिम्सकडे ३२ प्रोसेसरांचं कनेक्शन मशीन हा महासंगणक होता. १०० पिढ्यांना साधारण तीन तास लागत. माझ्याकडे बडोद्याच्या दांडिया बाजारातलं घर आणि जुना लॅपटॉप. म्हणून तिसरी मिती सोडून दिली आणि पायथनमध्ये पायमंक हे भौतिकीचं गणित करणारं तयार इंजिन वापरून सपाट जग उभं केलं.

सुरुवात पाण्यातून केली. बडोदेकराला पोहणाऱ्या प्राण्याचा नमुना शोधायला लांब जावं लागत नाही, विश्वामित्री नदीच्या मगरी भर शहरातच आहेत. पण खरं कारण असं की पाणी सोपं. गुरुत्वाकर्षण बंद करायचं आणि ठोकळ्याची जी बाजू पुढे सरकतेय तिच्यावर उलटा जोर लावायचा, बाजूच्या लांबीच्या आणि वेगाच्या प्रमाणात. एवढ्यावर वल्हं मारता येतं.

प्रत्येक जीवाची कुंडली म्हणजे एक यादी: ठोकळ्याची लांबी-रुंदी, तो कुणाला कुठे जोडलाय, सांधा किती वेगाने आणि कोणत्या लयीत हलतो. सिम्सच्या जीवांना चेतापेशींचं जाळं होतं. मी मेंदू दिलाच नाही, प्रत्येक सांध्याला एकेक साइन लहर दिली, म्हणजे ठरल्या लयीत नुसतं मागे-पुढे हलणं.

पहिल्या पिढ्या नुसत्या तडफडल्या. मग एकाएकी गुण वर गेले. बघतो तर विजेता पहिल्या क्षणी एक जबर हिसका देतो आणि बाकी वेळ लाकडासारखा तरंगत जातो. अंतर मोजलं होतं ना, ते त्याने कापलं! यावरचा उपाय सिम्सच्याच लेखात आहे: चाचणीच्या शेवटच्या टप्प्यातल्या वेगाला जास्त वजन द्यायचं. ते केलं, तर आता गोल गोल फिरणारे आले. वेग भरपूर, पोहोचत कुठेच नाहीत. आत्या मागून बघत होती. म्हणाली, "अरे, हा तर नवरात्रातला गरबाच खेळतोय." मग सुरुवातीच्या जागेपासून जीव जास्तीत जास्त किती लांब गेला, त्यालाही गुण ठेवले.

सगळ्यात चिवट निघाली ती थरथर. जोडलेले दोन ठोकळे एकमेकांत घुसलेले असत. इंजिन त्यांना बाहेर ढकलायचं, सांधा आत ओढायचा आणि त्या ओढाताणीवर तो लबाड फुकटात पुढे सरकायचा. सिम्सने लिहूनच ठेवलंय की भौतिकीच्या गणितात कुठेही ऊर्जा गळत असेल, तर जीव ती गळती शोधणारच. जोडलेल्या ठोकळ्यांची आपसातली टक्कर बंद केली, तेव्हा कुठे थरथर थांबली.

त्यानंतर जे आलं त्यासाठी रात्रभर पंख्याची घरघर ऐकणं वसूल झालं. एका धावेत, म्हणजे उत्क्रांती पहिल्यापासून एकदा चालवल्यावर, लांब शेपटीचा जीव निघाला. प्रत्येक सांधा आधीच्या सांध्यापेक्षा किंचित उशिरा हलणारा, त्यामुळे लाट डोक्याकडून शेपटीकडे जाते. मगरीची शेपूटही अशीच चालते. दुसरा बीजांक (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात तो अंक) दिला तर शेपूट नाहीच, दोन बाजूंना दोन आखूड वल्ही. कमाटीबागेच्या म्युझियममध्ये ज्याचा सांगाडा आहे तो देवमासा शेपूट वर-खाली मारतो आणि मगर डावी-उजवीकडे. माझ्या सपाट जगात हा भेदच उरत नाही, ही चुटपुट आहे.

आता जमिनीवर प्रयत्न चालू आहे. गुरुत्वाकर्षण चालू केल्याबरोबर उंच खांब जन्माला येतात आणि आडवे पडून अंतर कमावतात. म्हणून सांधे बंद ठेवून जीवाला आधी स्थिर होऊ द्यायचं, मगच मोजायला लागायचं. हा उपायही सिम्सचाच. खांब गेले, पण घसटत जाणारेच जास्त आहेत, पाय उचलणारा एकही नाही. बहुधा घर्षण कमी पडतंय. कुणी करून बघणार असेल तर पाण्यापासूनच सुरू करा आणि प्रत्येक धावेचा बीजांक लिहून ठेवा, नाहीतर आवडलेला जीव पुन्हा सापडत नाही.