माळा, आठवडा ९: पितळ उतरलं, परत चढलं, आणि शेवटी सुटलं

मागच्या वेळी लिहिलं होतं की माळ्यावरची पितळ-तांब्याची सगळी २७ भांडी खाली उतरवली, एकूण ४६ किलो, आणि आता अटालेवाला, म्हणजे भंगारवाला, आला की मोकळी. तर तसं काही झालं नाही. त्याच्या स्प्रिंगच्या काट्यावर घंगाळ साडेचार किलो, माझ्या बॅगा तोलायच्या डिजिटल काट्यावर पाच किलो तीनशे. मी व्यवहार थांबवला (हा छोटा काटा प्रत्येकाने घ्याच, पसारा काढणाऱ्याला याच्याइतकी कामाची वस्तू नाही), आणि तेवढ्यात आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घंगाळ उलटं केलं, बुडाला नाव आणि १९५८ कोरलेलं दिसलं, संध्याकाळपर्यंत सगळं परत माळ्यावर. मला रडूच आलं खरं सांगते.

इंदूरमध्ये कचरा टाकणं अवघड नाही हो, २०१७ पासून शहर स्वच्छतेत पहिलं येतंय, गाडी रोज दारात, ओला-सुका वेगळा करायची सवय पोरांनाही आहे. पण पितळेला कचरा कोण म्हणेल? दोन आठवडे मी आईंना "काय देऊया" विचारत होते आणि सगळं बघू-डब्यात ("नंतर बघू" म्हणून ठेवायच्या वस्तूंचा डबा) जात होतं. परवा प्रश्न बदलला. विचारलं, "आई, यातल्या कशात तुम्ही स्वतः काय शिजवलंय?"

त्यांनी सहा भांडी बाजूला काढली. वरणाचं तपेलं, पुरणाचं पातेलं, लाडवाची परात, असं. बाकी २१? लग्नामुंजीतले आहेर, कोणाकोणाची नावं असलेले, एकदाही चुलीवर न चढलेले. मी समजत होते गाठ नावांची आहे, ती वापराची निघाली! "ही दे गं खुशाल," म्हणाल्या.

सहातल्या तिघांना कल्हई करून घेतली. आधीच्या कल्हईवाल्याने नुसतं चमकवून दिलं होतं, हा दुसरा नीट निघाला, भांडं निखाऱ्यावर तापवून नवसागर, मग कथील, कापसाच्या बोळ्याने फिरवलं की आतून चांदीसारखं. काल त्यात कढी केली, अजिबात कळकली नाही. त्यामुळे ओरखडे पडलेली तीन नॉनस्टिक पातेली आज सुक्या कचऱ्यात गेली आणि ओट्यावरचा एक खण अख्खा रिकामा आहे, सकाळपासून चार वेळा उघडून बघितला.

आहेर आता बर्तन बाजारात नेणार, वजन घरून करून. आणि माळ्यासाठी पारदर्शक डबे घ्यायचे म्हटलं होतं मागे, ते रद्द, लिहिता लिहिता सुचलं की माळ्याची दारंच काढावीत, समोर दिसलं की कोणी काही कोंबणार नाही. रविवारी सुताराला बोलावते. बंब मात्र अजून बघू-डब्यात आहे, म्हणजे डब्यात मावत नाही, डब्याशेजारी उभा आहे.