माप तेच, वजन वेगळं

एकाच मापाने चुरमुरे भरा आणि मग ज्वारी. दोन्ही काठोकाठ, उंचीत तसूभर फरक नाही, पण उचलताना मनगटाला कळतं. मालिकेतला संवाद हा चुरमुऱ्यांचा प्रकार आणि मध्येच घुसणारी जाहिरात ज्वारीचा. ‘जाहिरातीला आवाज वाढवतात’ म्हणून आपण रिमोट शोधत असतो, आणि वाहिनीच्या मीटरवर मात्र दोन्हींची शिखरं एकाच रेषेला टेकलेली असतात. मीटर खोटं बोलत नाही. ते उंची मोजतं, एवढंच.

कान उंचीपेक्षा वजन, म्हणजे आवाजाचा एकूण सरासरी जोर, धरतो. त्यातही साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्याला तो झुकतं माप देतो, म्हणून जाहिरातीतला निवेदक नेमका तिथेच उजळवलेला असतो.

ज्वारी भरायची रीत अशी. कम्प्रेसर म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारं यंत्र. त्याला एक उंबरठा द्यायचा, समजा वजा 20 डेसिबल (मीटरच्या कमाल रेषेपासून खाली मोजलेले), आणि दाबायचा रेशो 4:1. उंबरठ्याच्या 12 डेसिबल वर गेलेला आवाज बाहेर पडताना 3 डेसिबलच वर उरतो, म्हणजे शिखर 9 डेसिबलने खाली येतं. मग मेकअप गेनने सगळंच्या सगळं 9 डेसिबल वर उचलायचं. शिखर पुन्हा जुन्या जागी. पण कुजबुज, श्वास, ढोलकीच्या थापेनंतरची आस, सगळं 9 डेसिबलने फुगलेलं. 10 डेसिबल वाढले की आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो, यावरून काय झालं ते समजावं. हाव धरून अटॅक, म्हणजे दाबायला घेतलेला वेळ, फार कमी ठेवला तर थापेची धारच जाते आणि रिलीज, म्हणजे सोडायला घेतलेला वेळ, फार कमी ठेवला तर खर्ज खरखरतो. तीस सेकंदांत साबण विकायचा असेल तर त्याची फिकीर कोण करतो!

उंचीऐवजी वजन मोजायची रीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 2006 मध्ये ठरवली: बीएस 1770. तिच्या आधारावर युरोपने 2010 मध्ये सरासरी वजा 23 लफ्स (LUFS, या वजनाचं माप; त्याचं एक एकक म्हणजे एक डेसिबल) ही पातळी नेमली. अमेरिकेने त्याच वर्षी कायदाच केला, 13 डिसेंबर 2012 पासून तो लागू झाला; तिथे आकडा वजा 24. आपल्याकडे 1994 च्या केबल टेलिव्हिजन नियमांतही जाहिरात फाजील मोठ्या आवाजाची नसावी असं कलम आहे. मात्र फाजील म्हणजे किती, हे तिथे आकड्यात सांगितलेलं नाही.

सरासरी आली की तिला फसवणंही आलं. आधी जाहिरातीत शांतता पेरायची युक्ती होती: शांततेने सरासरी खाली, उरलेल्यात आरडाओरडा. म्हणून मापनाला गेट बसवलं. सरासरीपेक्षा 10 एककांहून जास्त खाली गेलेला भाग हिशोबातच धरत नाहीत. मग शांततेऐवजी हळू बोलणं आलं. 20 सेकंद वजा 29 वर ठेवा, उरलेले 10 सेकंद वजा 19 वर नेता येतात. तीस सेकंदांची सरासरी बरोबर वजा 23. पास!

आणि कुणीही लबाडी केली नाही तरी दचकायला होतंच. मालिकेची सरासरी पूर्ण भागाची असते. लग्नाचा बँड, भांडण, पार्श्वसंगीत मिळून वजा 23 भरतं. पण ब्रेकच्या आधी सासू दाराआड कुजबुजते ती वजा 30 वर, आणि लगेच जाहिरात वजा 23 वर. सात एककांची उडी, आणि दोघंही नियमात.

घरी उपाय म्हणून टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ‘ऑटो व्हॉल्यूम’ असतं. ते म्हणजे आणखी एक कम्प्रेसर, त्यामुळे टीव्ही आणि साउंडबार दोन्हींत ते चालू ठेवू नये. एक दाबतो, दुसरा उचलतो, आणि आवाज हिंदकळत राहतो. एकाच ठिकाणी ठेवलं तरी जाहिरात संपल्यावर पहिली दोन-चार वाक्यं दबलेली येतात, कारण यंत्र अजून हात सोडत नसतं. मग संवादात जरा विराम आला की ते शांतताही उचलू लागतं, आणि सासूच्या मागचा पंखा हळूहळू घोंघावायला लागतो.