आयपी ॲड्रेस दारापर्यंतच नेतो

अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला की दोन-तीन दिवसांत ती बातमी येतेच, की ह्या मुलाने आधी ऑनलाइन काहीतरी लिहून ठेवलं होतं. मग सगळ्यांचा एकच प्रश्न, एवढी टेक्नॉलॉजी आहे, मग वेळेत शोधला का नाही? मी तिथे एका इंटरनेट प्रोव्हायडरकडे काही वर्षं पोलिसांकडून येणाऱ्या लॉगच्या, म्हणजे कोणी कधी कुठून नेट वापरलं त्या नोंदींच्या, मागण्या बघायचं काम केलंय, त्यामुळे हा प्रश्न ऐकला की मला गप्प बसवत नाही.

निनावी धमकी बहुतेक वेळा खरी निनावी नसतेच. अकाउंट खोट्या नावाचं असतं, पण ते उघडताना ईमेल किंवा फोन नंबर दिलेला असतो आणि कुठल्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेट कनेक्शनच्या कुठल्या नंबरावरून, लॉगिन झालं ते प्लॅटफॉर्मकडे असतं. जिवाला धोका आहे असं दिसलं तर कोर्टाच्या ऑर्डरची वाट न बघता प्लॅटफॉर्म ही माहिती पोलिसांना देऊ शकतो, अमेरिकन कायद्यात तशी सोय आहे. एरवी सपीना (माहिती हजर करा असा कायदेशीर हुकूम) नाहीतर वॉरंट, आणि तोवर डेटा उडू नये म्हणून ९० दिवस जपून ठेवा अशी नोटीस. आयपी मिळाला की तो कुठल्या प्रोव्हायडरचा ते लगेच कळतं आणि मग कागद आमच्या टेबलावर यायचा, की अमुक दिवशी अमुक वेळेला हा आयपी कोणाकडे होता.

इथेच घोळ होतात. मोबाइल नेटवर्कवर एकच आयपी एकाच वेळी शेकडो लोक वापरत असतात, तिथे पोर्ट नंबर, म्हणजे त्या गर्दीतलं एक कनेक्शन वेगळं ओळखायचा आकडा, नसेल तर माणूस सापडत नाही. व्हीपीएन, म्हणजे खरा आयपी लपवणारी सेवा, असेल तर पुढची वेगळीच वरात. आणि वेळ, बाई गं ती वेळ! प्लॅटफॉर्मचे लॉग यूटीसी ह्या जागतिक प्रमाणवेळेत, पोलिसांनी लिहिलेली वेळ लोकल, उन्हाळ्यात पूर्व किनाऱ्यावर सरळ चार तासांचा फरक, म्हणजे कोणी लक्ष दिलं नाही तर पोलीस भलत्याच घरी. एकेक टाइमस्टॅम्प मी तीन-तीनदा तपासायचे, चुकून कोणाचं दार वाजलं तर, ह्या भीतीने.

आणि हे सगळं बरोबर जमलं तरी हाती काय येतं? सबस्क्रायबरचं नाव आणि पत्ता. म्हणजे बिल ज्याच्या नावावर आहे तो माणूस. शाळकरी मुलाच्या केसमध्ये ते नाव बहुतेकदा आईचं किंवा बापाचं. त्या घरात कीबोर्डवर कोण बसलं होतं, ते लॉग सांगत नाही, ते घरातल्यांनीच सांगायचं असतं.

जॉर्जियाची केस त्यामुळेच डोक्यातून जात नाही. मे २०२३ मध्ये एफबीआयकडे निनावी टिप्स आल्या, कोणीतरी शाळेत गोळीबार करायची धमकी देतंय, बरोबर बंदुकांचे फोटो. २४ तासांच्या आत पोस्ट जॉर्जियातून आली हे त्यांनी काढलं आणि जॅक्सन काउंटीच्या शेरीफ ऑफिसला कळवलं. डेप्युटी घरी गेले, १३ वर्षांच्या मुलाशी आणि वडिलांशी बोलले. मुलगा म्हणाला मी नाही लिहिलं. वडील म्हणाले घरात शिकारीच्या बंदुका आहेत, पण माझ्या देखरेखीशिवाय त्याच्या हातात जात नाहीत. अटक करण्याइतका पुरावा नव्हता, आसपासच्या शाळांना लक्ष ठेवायला सांगितलं आणि विषय तिथे थांबला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वडिलांनी मुलाला एआर-१५ सारखी रायफल भेट दिली. ४ सप्टेंबर २०२४ ला तिथल्या अपालाची हायस्कूलमध्ये गोळीबारात दोन विद्यार्थी आणि दोन शिक्षक गेले, आरोपी तोच मुलगा. म्हणजे बघा, तपास दारापर्यंत पोचला होता, बेल वाजली होती, दार उघडलं होतं, आणि दीड वर्षाच्या आत हे झालं. वडिलांवरही सेकंड डिग्री मर्डरचा, म्हणजे खुनाचाच, आरोप लागला.

फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेचं उलटं. तिथे सप्टेंबर २०१७ मध्ये मुलाने स्वतःच्याच नावाने यूट्यूबवर कमेंट टाकली होती की मी प्रोफेशनल स्कूल शूटर होणार, एकाने ती एफबीआयला कळवलीसुद्धा, तरी तो कोण ह्याची ओळख पटवता आली नाही. ५ जानेवारी २०१८ ला जवळच्या एका व्यक्तीने फोन करून त्याच्याबद्दल सगळं सांगितलं, ती टिप एफबीआयच्या मायामी ऑफिसपर्यंत गेलीच नाही. १४ फेब्रुवारीला १७ जण मेले. ही चूक यंत्रणेचीच, ह्यात घरच्यांना पुढे करून यंत्रणेने सुटू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पण मिशिगनमध्ये ऑक्सफर्डला निनावी असं काहीच नव्हतं. २६ नोव्हेंबर २०२१ ला बापाने पिस्तूल घेतलं, दुसऱ्या दिवशी आई मुलाला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेली. २९ ला टीचरला तो फोनवर गोळ्या शोधताना दिसला, शाळेने आईला कळवलं, तिने मुलाला मेसेज केला की मी रागावले नाही, पकडलं न जायला शिक. ३० तारखेला गणिताच्या कागदावर बंदूक, रक्त आणि ‘विचार थांबत नाहीयेत, मला मदत करा’. आईवडिलांना शाळेत बोलावलं, त्यांनी त्याला घरी नेलं नाही, घरात नवं पिस्तूल आहे हेही सांगितलं नाही, शाळेनेही बॅग उघडून बघितली नाही. बॅगेत पिस्तूल होतं. चार मुलं गेली. एप्रिल २०२४ मध्ये आईवडिलांना प्रत्येकी १० ते १५ वर्षं शिक्षा झाली, शाळेतल्या अशा हत्याकांडासाठी पालकच दोषी ठरले असं अमेरिकेत पहिल्यांदाच झालं.

ही शिक्षा मला योग्य वाटते. खूप जण म्हणतात, उद्या कुठल्याही आईला पकडतील, मुलाच्या मनात काय चाललंय तिला काय माहीत. पण त्या कोर्टात प्रश्न मनाचा नव्हता, बंदुकीच्या कुलपाचा होता, आणि त्या कागदाचा होता जो तिने स्वतः डोळ्यांनी बघितला होता. इलिनॉयमधल्या हायलंड पार्कमध्येही तसंच, फक्त तिथे शाळा नव्हती, परेड होती, २०१९ च्या सप्टेंबरमध्ये मुलगा सगळ्यांना मारून टाकीन म्हणतोय असं कुटुंबातल्याच कोणीतरी पोलिसांना कळवलं, त्यांनी घरातून सुऱ्या जप्त केल्या, आणि डिसेंबरमध्ये बापाने त्याच्या बंदुकीच्या परवान्याच्या अर्जावर सही केली कारण मुलगा २१ च्या खालचा होता. ४ जुलै २०२२ ला त्याने सात माणसं मारली. बापाला ६० दिवस तुरुंग.

मला एक कबूल करायला हवं, मी त्या कामात असताना सबस्क्रायबरचं नाव लिहून पाठवलं की माझ्यासाठी फाइल बंद व्हायची. पुढे काय झालं ते आम्हाला कोणी कळवत नसे, बहुतेक धमक्या पोकळच असणार असं धरून मी चालायचे. आता माझा मुलगा १४ चा आहे, कनेक्शन माझ्या नावावर आहे, आणि कोणी बेल वाजवून विचारलं की हे तुमच्या मुलाने लिहिलंय का, तर तोंडातून पहिलं वाक्य काय निघेल ते मला माहितीये. छे, तो नाही तसा. जॉर्जियातल्या त्या बापाच्या बोलण्यात मला माझाच आवाज ऐकू येतो. गेल्या रविवारी मुलाला मी सरळ विचारलं, तुझी कुठे कुठे अकाउंट आहेत, दाखवशील? त्याने चार दाखवली. पाचवं आहे का विचारलं तर थोडा थांबला, मग म्हणाला, आहे.