काका, मोटार चालू करू नका

मार्चमधली सकाळ होती. हडपसरला घरी चहा घेत होतो, तेवढ्यात गावाहून काकांचा फोन आला. "सोलापूर रस्त्यावर टँकर उलटलाय. डिझेल ओढ्यात आलंय, पाटानं विहिरीतही शिरलंय. कांदा सुकतोय. मोटार चालू करू का?"

मी नको म्हणालो आणि त्या क्षणापासून काकांशी माझं भांडण सुरू झालं. विहीर उपसली की भोवतालचं पाणी तिच्याकडे ओढलं जातं, त्याबरोबर काठच्या मातीत मुरलेलं डिझेलही येतं. शिवाय ते सगळं कांद्यावर पसरलं असतं. पण काकांसमोर सहा दुभती जनावरं उभी होती. एकेकीला दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी लागतं. त्यांचा प्रश्न सुटल्याशिवाय ओढ्याबद्दल बोलायचा मला अधिकारच नव्हता. म्हणून पहिला खर्च पाण्याच्या टँकरचा केला, मग ओढ्यात उतरलो.

तिथे वाळूच्या पोत्यांचा बांध घातला. त्यात पीव्हीसीचे पाइप तिरपे बसवले, वरच्या अंगाचं तोंड पाण्याखाली खोल आणि पलीकडचं उंच. डिझेल तरंगतं, त्यामुळे पाणी खालून निघून गेलं आणि तवंग बांधाशी अडला. तो भाताच्या पेंढ्यानं टिपायचा, पेंढा पिंपात भरायचा, असं चार दिवस चाललं. पहिल्या दिवशी दोन पोरं उघड्या हातांनी उतरली होती, त्यांचे हात लाल झाले. मग काम थांबवून हातमोजे आणले. हे आधी सुचायला हवं होतं, ही माझी चूक.

एकानं कपडे धुण्याची पावडर टाकायला सांगितलं. तवंग दिसेनासा होतो खरा, पण डिझेलचे बारीक थेंब पाण्यात मिसळून माशांच्या कल्ल्यांपर्यंत पोचतात. 1989 साली अलास्कात 'एक्सॉन वाल्डेझ' जहाजातून सुमारे 4 कोटी लिटर तेल सांडलं, तेव्हा किनारे गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी धुतले होते. तेलातून वाचलेले जीव त्या धुण्यानं मेले. रात्री ओट्यावर बसून मी काकांना हे सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे घाई केली तर आपणच मारायचं." त्यानंतर मोटारीचा विषय त्यांनी काढला नाही.

कांदा अर्धा गेला. पंचनामा झाला. कागदावर पिकाचा रकाना होता. मातीचा नव्हता, ओढ्याचाही नव्हता. म्हणून काठच्या तीन गुंठ्यांचं नुकसान कुठेच लिहिलं गेलं नाही. याचा मला अजून राग येतो.

ते तीन गुंठे आम्ही पडीक ठेवलेत. डिझेल खाणारे जिवाणू मातीत असतातच, त्यांना हवा, ओल आणि नत्र-स्फुरद लागतं. काकांनी शेणखत घातलं, थोडा युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकलं, आणि दर पंधरवड्याला ते माती पालथी करतात. मूठभर माती उचलून वास घेतात आणि मला फोनवर सांगतात, "अजून येतोय." परवा प्रयोगशाळेत नमुना दिलाय. विहिरीचं पाणी जनावरांना अजून दाखवलेलं नाही.