घाटातला टोल, संगमावरचा पूल

मुंबईहून पुण्याला येताना खालापूरला टोल, तळेगावला टोल. फास्टॅग वाजला की गाडीत कुणीतरी कुरकुरतंच. पण बोरघाटाला टोल नवा नाही. गव्हर्नर माल्कमने १८३० मध्ये घाटातला गाडीरस्ता खुला केला, तेव्हा त्या रस्त्यावरही टोल घेतला जाई. म्हणजे आपली कुरकुरही दोनशे वर्षांच्या घरात आली!

एक्सप्रेसवे संपल्यावर जुन्या हायवेने निगडी, पिंपरी करत दापोडीला आलो. मुळेवरचा ब्रिटिशकालीन हॅरिस पूल अजून कामावर आहे. शेजारी नवे पूल आले, तरी म्हाताऱ्याची सुटका नाही.

मला बघायचा होता तो संगम पूल. घाटरस्त्याच्याच सुमारास इथे मुठेवर लाकडी पूल झाला आणि त्याला इंग्रज सेनापती वेलस्लीचं नाव दिलं गेलं. १८७५ मध्ये त्याच्या जागी दगडी पूल बांधला. लकडी पुलाचंही तेच झालं. पानिपतानंतर १७६१ च्या सुमारास लाकडात बांधलेला तो पूल एकोणिसाव्या शतकात दगडाचा झाला, पुढे पानशेतचा पूर अंगावरून गेला, आणि आता डोक्यावरून मेट्रो जाते. त्या मेट्रोखालून गणपतीचे रथ जाणार कसे, यावरून मंडळांनी केलेली ओरड आठवत असेलच.

संगम पुलावर उभं राहणं मात्र जिकिरीचं. सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजकडून स्टेशनकडे धावणाऱ्या गाड्या कठड्याशी थांबूच देत नाहीत. तरी शेजारचा रेल्वेचा पूल आणि पुढे मुळेला मिळणारी मुठा, एवढं दिसतं. पाण्याच्या वासाबद्दल काही लिहीत नाही.

तिथून बंडगार्डनला गेलो. १८६७ चा फिट्झगेराल्ड पूल, रॉयल इंजिनिअर्सच्या कॅप्टन सेलनने बांधलेला. ओळीने दगडी कमानी आणि दोन्ही टोकांना पंजाखाली चेंडू धरलेले सिंह. वाहतूक बाजूच्या नव्या पुलावर गेली आणि हा पायी फिरणाऱ्यांना मिळाला. पुण्यात जुन्या पुलाचं इतकं शहाणपणाने दुसरं कुठे काही केलेलं मला माहीत नाही. कमानी नीट बघायच्या तर नव्या पुलावरून बघा, सिंह बघायला जुन्यावर या. संगम पुलालाही अशी निवृत्ती मिळावी असं फार वाटतं. पण त्याला खेटून रेल्वे आहे, नवा पूल टाकायचा कुठे?