उजव्या कडेचा हात

पावसाळ्यात गोव्यात दुरुस्तीला येणारा जुना फोटो बहुतेक वेळा काचेला चिकटलेलाच असतो. फ्रेमवाले काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालत नाहीत. दोन मिलिमीटरची फट ठेवायचा कंटाळा, आणि मग काही पावसाळ्यांत फोटोवरचा जिलेटिनचा थर, ज्यात चित्र असतं, काच धरतो. वास्कोहून आलेल्या या फोटोचंही तेच झालं होतं. कृष्णधवल. नौदलाचं सी हॉक लढाऊ विमान, कॉकपिटमध्ये वैमानिक, नाकाखाली वाकलेले चौघे. फ्रेमवर पांढऱ्या रंगात ‘विक्रांत, १९७१’.

घेऊन आलेल्या काकींचे यजमान विमानाच्या तोफांचं काम करायचे. फोटोत ते कुठे, असं विचारल्यावर त्यांनी उजव्या कडेवर बोट ठेवलं. तिथे फक्त एक हात होता, मनगटापासून पुढे, दारूगोळ्याचा पट्टा धरलेला.

“दादा, पाण्यात ठेवला की सुटतो ना?” काकींच्या मुलाने मोबाइलवर पाहिलं होतं. सुटतो, पण जिलेटिन धड असेल तर. बुरशी जिलेटिन खाते आणि जे उरतं ते पाण्यात विरघळतं. फोटो काचेवरून सुटतो आणि चित्र भांड्यात उतरतं. खालच्या कोपऱ्यात काच सुटलेली होती, तिथे ओल्या कापसाचं टोक टेकवलं. कापूस करडा झाला. पाण्याचा विषय संपला.

काचेसकट स्कॅनरवर ठेवलं तर दोन काचांमध्ये इंद्रधनुषी वलयं उठतात, म्हणून कॅमेरा. दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर दिवे, दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म, लेन्सवर फिल्टर. तो काचेतलं प्रतिबिंब विझेपर्यंत फिरवायचा. कॅमेरा समांतर आहे का हे पाहायला फोटोच्या जागी छोटा आरसा ठेवतो. लेन्सला स्वतःचं बुबुळ मधोमध दिसलं पाहिजे. खरा त्रास पुढेच. जिथे फोटो चिकटलेला तिथे तो ओला असल्यासारखा गडद दिसतो, बाकीचा धुरकट. दोन वेगळी एक्स्पोजर घेऊन ती डाग-डाग करून जुळवावी लागतात. त्यात एक अख्खी दुपार गेली.

धूर उतरला तेव्हा विमानामागची करडी पट्टी समुद्राची नाही हे कळलं. आडवे-उभे सांधे दिसत होते. चिऱ्याची भिंत. विमानवाहू जहाजावर चिरे कुठले? फोटो जमिनीवरचा, बहुधा दाबोळीचा. आयएनएस हंसा, म्हणजे नौदलाचा हवाई तळ, तमिळनाडूतल्या सुलूरहून दाबोळीला आली ती १९६४ साली, आणि सी हॉकची ३०० वी स्क्वाड्रन विक्रांतवर नसे तेव्हा तिथेच असे. विक्रांतवरच्या सी हॉकनी ४ डिसेंबर १९७१ ला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला केला, हे खरंच. काकींचे यजमान तेव्हा जहाजावर असतीलही. पण हा फोटो तिथला नाही. लोकांना ‘विक्रांत’ आणि ‘१९७१’ लिहिल्याशिवाय फोटोला मोल येत नाही असं का वाटतं, मला कळत नाही. सी हॉकच्या नाकात २० मिलिमीटरच्या चार तोफा. त्यांचे पट्टे पीळ न पडता, कडी न अडकता बसवणं हे काम जमिनीवरच्या हातांचं, आणि ते नीट झालं नाही तर वैमानिकाने कळ दाबून काही उपयोग नाही. अशा फोटोंमागे वैमानिकाचं नाव बहुतेक वेळा मिळतं, या हातांचं क्वचितच.

इथे नावं होती. मागची प्लाय काढल्यावर पेन्सिलीने लिहिलेल्या सहा ओळी सापडल्या. पण फोटो कापलेला. तीन कडांना पांढरी किनार, उजवीकडे नाही. हाफ प्लेट या जुन्या मापाच्या फोटोची लांबी साडेसहा इंच, ही साडेपाच. कुणीतरी तयार फ्रेममध्ये बसावा म्हणून इंचभर कात्री चालवली. फोटोची उजवी कड म्हणजे मागची डावी, त्यामुळे प्रत्येक ओळीची सुरुवात गेली. हुद्दे गेले, नावं गेली, आडनावांची शेपटं राहिली. सहापैकी तीन ‘...कर’. काकींचं आडनावही ‘कर’ने संपतं, पण त्यावर गोव्यात काय सिद्ध होणार?

मुलगा म्हणाला, वडिलांचा दुसरा फोटो देतो, एआयने पूर्ण माणूस उभा करा. मी नाही म्हटलं. काकी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बाबा, करंगळी बघ. वाकडी आहे ना? त्यांची तशीच होती.” मी हात मोठा करून दाखवला. करंगळी वाकलेली दिसते. पण नेमकी तिथे बुरशीची एक शीर आडवी गेली आहे, आणि वाक बोटाचा की त्या शिरेचा, हे मी तीन रात्री पाहूनही सांगू शकत नाही. त्यांना “हो” म्हणून टाकणं सोपं होतं.

फाइलमध्ये लिहिलं: ‘उजवीकडचा हात, कुटुंबाच्या सांगण्यानुसार, तोफांचं काम पाहणाऱ्या नौसैनिकाचा. स्थळ बहुधा दाबोळी, १९६४ नंतर.’ प्रिंट साडेसहा इंचीच काढली, कापलेल्या इंचभराच्या जागी कोरी पट्टी ठेवून. या वेळी माउंट घातलं आहे. मुलगा अजून न्यायला आलेला नाही.